एका ताग्यातले तीन तुकडे

क्लाउडची कामं मी बरीच वर्षं करते आहे. पण त्या कामासाठी कुणी स्टीलच्या डब्यात गरम ओब्बट्टू घेऊन माझ्या दारात आलं, असं एकदाच झालं. दिवस उगादीचा, म्हणजे गुढीपाडव्याचा होता. ओब्बट्टू म्हणजे आपली पुरणपोळीच, असं मी शेजारच्या अक्कांना पूर्वी एकदा म्हणाले होते, तर त्या म्हणाल्या, "आपली म्हणजे कुणाची ग? मी काय परकी?" तेव्हापासून मी गपगुमान खाते.

एरवी अक्का डबा ओट्यावर ठेवून उभ्या उभ्याच परत फिरतात. त्या दिवशी मात्र त्या खुर्ची ओढून बसल्या.

"तुला ते क्लाउडचं काम येतं, अल्वा?" त्यांनी विचारलं. अल्वा म्हणजे कन्नडात "नाही का". "माझं एक काम कर. नाही झालं तर के. आर. नगरचं माझं शिलाईचं युनिट बंद होणार."

अक्का माझ्या नात्याच्या कुणी नव्हेत, हे आधीच सांगून टाकते. कारण मला प्रत्येक गोष्ट नीट सांगायची खोड आहे. कुणी मला कोल्हापूरची म्हटलं तर मी भर लग्नात जेवण थांबवून सांगते, की नाही, सांगलीची. नवरा कपाळाला हात लावतो. जित्याची खोड, दुसरं काय. तर आम्ही सांगलीचे. नवऱ्याची नोकरी मैसूरला आली म्हणून तिथल्या विजयनगर भागात घर घेतलं, आणि पुण्याच्या कंपनीचं माझं काम घरातूनच चालू राहिलं. अक्का पलीकडच्या घरात राहायच्या. त्यांची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मैसूरची. धंदा शिंप्याचा, घरात विठ्ठल, आणि बोलणं मराठी. पण ती मराठी अशी की वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि कन्नडात उतरायचं, 'मग'चं 'मत्ते' आणि 'नको'चं 'बेडा' व्हायचं. पहिले काही महिने मी तेही दुरुस्त करत होते. देवा रे, काय अगोचर होते मी.

माझी लेक झाली तेव्हा आई येऊ शकली नाही. तिकडे बाबांचं ऑपरेशन झालं होतं. मी बाळंतीण, नवरा माझ्याहून भेदरलेला, आणि बाळ असं रडायचं की वरच्या मजल्यावरचे लोक खाली बघून जायचे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी अक्का न विचारता आत आल्या, पदर खोचला, पाटावर बसून पाय लांब केले आणि म्हणाल्या, "आण इकडे." पुढे कितीतरी दिवस रोज सकाळी के. आर. नगरची बस धरायच्या आधी त्या बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालायच्या, धुरी द्यायच्या, माझी पाठ शेकायच्या, आणि ओल्या हातांनीच बसस्टँडकडे पळायच्या. मी एकदा रडवेली होऊन म्हटलं, "अक्का, हे मी कसं फेडू?" त्या म्हणाल्या, "बेडा बेडा, असलं काही बोलू नको. पाणी उकळलं का बघ."

त्यामुळे त्या उगादीला त्यांनी काम सांगितलं, तेव्हा काम काय आहे हे ऐकायच्या आधीच मी हो म्हणून बसले होते.

गोष्ट अशी होती. अक्कांच्या सासरी तीन भाऊ. शाळांचे गणवेश शिवायचा धंदा तिघांचा. थोरल्यांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांचा कारखाना इथे मैसूरमधल्या मेटगळ्ळीत. धाकट्यांचं शहरात दुकान, तिथे शाळांच्या ऑर्डरी आणि मुलांची मापं घेतली जातात. मधले म्हणजे अक्कांचे यजमान. त्यांनी मैसूरहून तासाभरावरच्या के. आर. नगरला शिलाईचं युनिट उभं केलं, आणि ते गेल्यावर अक्काच ते चालवू लागल्या. तिथल्या बायका आसपासच्या, भातशेती करणाऱ्या घरांतल्या. घरचं आवरून चालत कामावर येणाऱ्या.

कपडा कापायचा पॅटर्न आता कागदावर नसतो, कॉम्प्युटरवर असतो. तो अण्णा बनवायचे आणि क्लाउडवर ठेवायचे. त्यावरून मेटगळ्ळीत कटिंग व्हायचं. के. आर. नगरला मात्र तोच पॅटर्न पेनड्राइव्हवर घालून कापडाच्या टेंपोतून पाठवत. आदल्या हंगामात एका शाळेने शर्टाची कॉलर बदलली. टेंपोतून गेलेल्या पेनड्राइव्हवर जुनीच कॉलर होती. अक्कांच्या बायकांनी अख्खा लॉट जुन्या कॉलरीने शिवला, आणि मग रडत उसवला. अण्णा चिडले नाहीत. ते नुसतं म्हणाले, "पुढच्या वर्षी मशिनी इकडेच आणू." अण्णा चिडले असते तर अक्का भांडल्या असत्या. ते शांतपणे बोलल्यामुळे त्यांना काही सुचेना.

"मेटगळ्ळीला रोज कोण येणार तिथनं?" अक्का मला म्हणाल्या. "ह्यांनी एकेकीच्या घरी जाऊन, सासूच्या हातापाया पडून आणल्यात त्या बायका. मत्ते मी त्यांना काय सांगू, घरी जा म्हणून?"

त्यांनी अण्णांकडून एक कबुली घेतली होती. नव्या वर्षाचे पॅटर्न तयार व्हायच्या आत, अण्णांच्या फाइली के. आर. नगरच्या कॉम्प्युटरवर थेट दिसायला लागल्या, पेनड्राइव्ह नको, टेंपो नको, तर युनिट तिथेच राहील.

"एवढंच ना?" मी म्हटलं. "एका दुपारचं काम आहे."

असं बोलू नये. मला ठाऊक असतं आणि तरी मी बोलते.

दुसऱ्या दिवशी मेटगळ्ळीला जाऊन अण्णांकडून तिन्ही अकाउंटांच्या चाव्या घेतल्या. अण्णा उंच, शर्टाची सगळी बटणं लावणारे, फार न बोलणारे गृहस्थ. मला मॅडम म्हणायचे. "बघा मॅडम, जमतंय का," म्हणाले आणि कटिंगच्या टेबलाकडे वळले. वडील गेल्यावर वकिलाच्या सल्ल्याने तीन भावांच्या तीन फर्म झाल्या होत्या, म्हणून क्लाउडवरही तीन अकाउंट होते आणि प्रत्येकाचं स्वतःचं बंदिस्त खासगी नेटवर्क होतं.

हे जरा समजावून सांगते, फार नाही. असं एक नेटवर्क म्हणजे कंपाउंड घातलेलं घर समजा. आतल्या प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता असतो. फाइलींचं सामाईक कपाट अण्णांच्या कंपाउंडात. अक्कांच्या कंपाउंडातून तिथे जायला मध्ये एक दार पाडायचं, आणि कपाटाला सांगायचं की ही माणसं आपली आहेत, यांना उघड. झालं. फक्त एक अट असते. दोन्ही कंपाउंडांच्या आतले पत्ते एकसारखे असता कामा नयेत. असले, तर अक्कांचं यंत्र अण्णांचा पत्ता आपल्याच घरात शोधत बसतं. म्हणून पत्ते सारखे असतील तर क्लाउड दारच पाडू देत नाही.

मी तिन्ही उघडून बघितले. तिघांचे पत्ते एकच. थोडेफार सारखे नाही, शेवटच्या आकड्यापर्यंत एकच. वर आतल्या भागांची नावंसुद्धा तीच. माझं डोकंच सणकलं. नेटवर्क उभारताना धाकट्यांनीच लक्ष घातलं होतं, असं कळलं होतं, म्हणून त्यांना फोन लावला.

"हे असं कुणी करायला सांगितलं?"

"मीच," धाकटे चांगले अभिमानाने म्हणाले. "तो सेट करणारा विचारत होता, नंबर कुठला देऊ. मी म्हटलं, अण्णांचा जसा आहे, तसाच्या तसा. आम्हालाही आणि वहिनींनाही. आमच्यात तसंच असतं."

आमच्यात तसंच असतं, हे खरं होतं. ते मला पहिल्या दिवाळीलाच दिसलं होतं. त्या घराची जुनी रीत आहे. दिवाळीला कापडाचा एक मोठा तागा येतो, थोरला माणूस त्याला पहिली कात्री लावतो, आणि त्याच ताग्यातून घरातल्या सगळ्यांचे कपडे होतात. म्हाताऱ्यांचे सदरे, सुनांचे ब्लाउज, पोरांचे फ्रॉक, सगळं एका रंगाचं, एका नक्षीचं. पाडव्याला ते सगळे मिळून देवळात निघाले तेव्हा मी नवऱ्याच्या कानात म्हटलं होतं, "बँडपथक निघालं." फर्म वेगळ्या झाल्यावर तर ही रीत त्यांनी जास्तच घट्ट धरली. मिक्सर घ्यायचा तर अण्णांकडे आहे तोच. दाराला रंग तोच. कागदावर वेगळे झालो असलो तरी आम्ही वेगळे नाही, असं त्यांना दिवसातून दहा वेळा एकमेकांना दाखवायचं असायचं. त्यात हे क्लाउडचे नंबरही आले.

संध्याकाळी मी अक्कांना सांगितलं, की तुमचा नंबर बदलावा लागेल. मला वाटलं, त्या म्हणतील, बदल की. त्या शेंगा सोलत होत्या. हात थांबला.

"माझाच?"

"तुमचा आणि धाकट्यांचा. कपाट अण्णांकडे आहे, म्हणून त्यांचा राहू दे."

"धाकट्यांचं पुढे करता येईल," त्या म्हणाल्या. "म्हणजे आत्ता माझा एकटीचाच, अल्वा?"

मी नेहमीप्रमाणे तावातावाने समजावायला लागले, की यात काही नाही, आकडा तो आकडा. त्या ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "हे होते तोवर वेगळं होतं ग. आता मी त्या घरात आहे ती अशाच गोष्टींनी आहे. एक नंबर बदलला, मत्ते उद्या ताग्यातला तुकडा यायचा थांबला, तर मी कुणाला विचारायचं?"

मी शेंगा सोलायला घेतल्या. पंधरा मिनिटं आकडे समजावत होते, आणि बाईला भीती कशाची वाटतेय हे माझ्या गावीही नव्हतं. नंबर बदलला नाही तर युनिट जातं, बदलला तर घर जाईल असं तिला वाटतंय. इकडे आड, तिकडे विहीर. सगळ्यांच्या समोर बोलल्याशिवाय हे सुटणार नाही, एवढं मला कळलं. रविवारी दुपारी अण्णांच्या घरी बसायचं ठरवलं.

तिथे मी शक्य तेवढ्या सोप्या भाषेत सांगितलं. तिघांचा पत्ता एकच असल्यामुळे तुम्ही एकमेकांपर्यंत पोचूच शकत नाही. अक्कांनी अण्णांना हाक मारली तरी ती हाक त्यांच्याच अंगणात फिरून येते. धाकटे लगेच म्हणाले, "पण अण्णांचा नंबर सोडायचा म्हणजे कसंतरीच होतं." अक्का खाली बघून बसल्या होत्या. अण्णांनी एकदा धाकट्यांकडे पाहिलं, एकदा अक्कांकडे. त्यांना काय दिसलं ते त्यांनाच ठाऊक.

"माझाही बदला," ते म्हणाले.

"तुमचा बदलायची गरज नाही," मी म्हटलं. खोड.

"गरज नसू दे, मॅडम. बदलायचा तर तिघांचा बदला. कुणा एकाने घर सोडल्यासारखं नको."

आता खरं सांगते. त्या क्षणी मला अण्णांचा रागच आला. कपाट त्यांच्या नेटवर्कात. त्यांचं नेटवर्क नव्याने बांधायचं म्हणजे कपाटाचं दार नव्याने बसवायचं, सगळी यंत्रं हलवायची. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. नवे पॅटर्न पंधरवड्यावर आले होते. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि समोर अक्कांचा चेहरा दिसला. त्यांनी मान वर केली होती. बऱ्याच दिवसांनी त्या मला खुर्चीत नीट टेकून बसलेल्या दिसल्या.

"बरं," मी म्हटलं. "तिघांचा बदलते."

"पण तीन वेगळे नंबर आणणार कुठून?" धाकट्यांनी विचारलं.

"पत्त्यांची एक मोठी सलग मालिका घ्यायची. तिचे तीन तुकडे करायचे. पहिला अण्णांना, मधला अक्कांना, शेवटचा तुम्हाला. एकाचा आकडा दुसऱ्यात येत नाही, आणि मालिका एकच राहते."

ही काही माझी हुशारी नव्हे. आमच्या धंद्यात असंच करायचं असतं, पहिल्या दिवशीच करायचं असतं. पण मी हाताने हवेत तुकडे करून दाखवत होते, आणि अण्णांना हसू आलं. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "एका ताग्यातून," ते म्हणाले. "मग प्रश्नच नाही."

पुढचे दिवस मी नोकरी सांभाळून हेच करत होते. तीन नवी नेटवर्कं बांधली, यंत्रं एकेक करून हलवली, अण्णांकडून अक्कांकडे एक दार पाडलं, धाकट्यांकडे दुसरं. माझ्या लेकीची शाळेतून आल्यावरची सगळी दुपार अक्कांच्या घरी जात होती, आणि ती कन्नडमध्ये माझ्याकडे खाऊ मागायला आणि 'हो'ला 'हौदु' म्हणायला शिकली. शेवटच्या जोडणीला मी स्वतः के. आर. नगरला गेले. म्हटलं, दिसलं तर तिथल्याच पडद्यावर दिसू दे.

युनिट म्हणजे पत्र्याचं लांब शेड, दोन ओळी मशिनी, आणि कोपऱ्यात कटिंगच्या टेबलाशेजारी कॉम्प्युटर. बायकांची जेवणाची सुट्टी झाली होती. जी ती मला विचारत होती, "ऊट आयता?" जेवलात का, जेवलात का. मी कॉम्प्युटरला कपाट जोडायची आज्ञा दिली आणि थांबले. काही नाही. पुन्हा दिली. पडदा तसाच लटकलेला. चूक आहे असंही म्हणेना, नाही असंही म्हणेना. मशिनींचा आवाज बंद होता, त्यामुळे माझं बडबडणं सगळ्यांना ऐकू जात होतं. अक्का मागे उभ्या होत्या. त्यांचा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर होता आणि तो घट्ट होत चाललेला मला कळत होता.

"नाही होत का ग?"

"होतंय. थांबा जरा." मी खेकसलेच.

त्या गेल्या आणि ताटलीत दहीभात घेऊन आल्या. वर लोणच्याची फोड. "आधी खा. मत्ते बघ." खेकसलेल्या माणसाला दहीभात भरवणारी बाई दुसरी कोण असणार? मी खाल्लं. खाता खाता लक्षात आलं. दार आहे, पत्ते बरोबर आहेत, पण कपाटावर जो राखणदार नियम बसवलेला असतो, तो मी अण्णांच्या जुन्या मांडणीवरून तसाच उतरवून घेतला होता. त्यात अक्कांच्या नव्या पत्त्यांना परवानगीच नव्हती. इतरांना तसाच्या तसा नंबर उतरवला म्हणून बोल लावणारी मी, आणि मीही तेच केलं होतं.

नियम बदलायला अण्णांच्या मोबाइलवर येणारा कोड लागायचा. फोन लावला, त्यांनी एकेक आकडा सावकाश सांगितला. मग म्हणाले, "भावजयीला नुसतं बघता येणार की बदलताही येणार?"

"नुसतं बघता. चुकून काही पुसलं जाऊ नये म्हणून."

"बदलताही येऊ द्या," अण्णा म्हणाले. "घरचंच कपाट आहे."

मी दोन्ही परवानग्या दिल्या आणि आज्ञा पुन्हा दिली. एका क्षणात पडद्यावर फोल्डरांची रांग उघडली. शाळांची नावं, वर्षं, आणि सगळ्यात वर त्या कॉलरीचा पॅटर्न. बायका हात धुवायच्या सोडून भोवती गोळा झाल्या. अक्कांनी फोन माझ्या हातातून घेतला. "दिसलं, अण्णा," एवढंच म्हणाल्या. पलीकडून आलेलं "सरी", म्हणजे बरं, मलाही ऐकू आलं. मग अक्का वळून बायकांना कन्नडमध्ये म्हणाल्या, की मशिनी कुठे जात नाहीत, आता जेवणं आटपा. सांगून त्या शेडच्या बाहेर गेल्या आणि बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या. मी मागे गेले नाही. मला रडताना कुणी बघितलेलं आवडत नाही, म्हणून दुसऱ्यालाही बघू नये असं मला वाटतं.

तो हंगाम नीट पार पडला. कॉलरी बरोबर लागल्या. मी महिन्यातून एकदा त्यांचं नेटवर्क तपासते, आणि अक्का म्हणतात की त्या बदल्यात मी स्वयंपाक करायचा नाही. हा सौदा कुणाच्या फायद्याचा आहे ते माझ्या नवऱ्याला विचारा.

दिवाळीला पाडव्याच्या सकाळी अक्का गाठोडं घेऊन आल्या. मोरपंखी कापड, बारीक पिवळी बुट्टी. त्यात लेकीचा फ्रॉक होता, नवऱ्याचा शर्ट होता, आणि माझा ब्लाउज. माप कधी घेतलं म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "बाळंतपणात तुझी पाठ कुणी शेकली?"

मी कापडावरून हात फिरवत होते. "अण्णांनी छान निवडलंय."

"निवडलं अण्णांनीच. पण तागा या वेळी मेटगळ्ळीत नाही कापला," अक्का म्हणाल्या. "के. आर. नगरला पाठवला. म्हणाले, पहिली कात्री तू लाव." आणि त्या माझ्या गाठोड्याची गाठ उगाचच पुन्हा बांधायला लागल्या. मी त्यांच्या पाया पडले, तर त्या नेहमीसारखं बेडा बेडा करत मागे सरल्या.

आम्ही तिघं ते कपडे घालून त्यांच्यासोबत देवळात गेलो. दारातच अण्णा होते. मला बघून म्हणाले, "ये ग, आत ये." मॅडम कुठे गेली होती कोण जाणे. बाहेर मल्लिगेचे, मोगऱ्याचे गजरे विकणारी बाई आमच्या सगळ्या मोरपंखी घोळक्याकडे बघत होती. तिने माझ्या केसांत गजरा माळला आणि विचारलं, तुम्ही यांच्याच घरच्या का?

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. आता ही सांगलीपासून सुरुवात करणार, अशी त्याची खात्रीच होती.

मी म्हटलं, "हौदु. यांच्याच."